माणूस सोडून बाकी सगळं

माझं लग्न एका गैरसमजातून ठरलं. 1983 साली मुलीकडची मंडळी आमच्या सांगलीच्या घरी आली, तेव्हा मध्यस्थांनी त्यांना ‘मुलगा विमा कंपनीत आहे’ एवढंच सांगितलं होतं. होणाऱ्या सासऱ्यांनी कप बशीत ठेवत विचारलं, “म्हणजे एलआयसीत?”

“नाही, जनरलमध्ये.”

“जनरल म्हणजे?”

“माणूस सोडून बाकी सगळ्याचा विमा.”

सासऱ्यांनी मान डोलावली. गावी परतल्यावर मात्र त्यांनी जावई एलआयसीत असल्याचंच सांगितलं. पुढची दहा वर्षं त्यांच्या गावची माणसं आपल्या पॉलिसीचे हप्ते कुठं अडकलेत हे विचारायला माझ्याकडे येत राहिली. मी त्यांना चहा पाजायचो आणि एलआयसीच्या ऑफिसचा रस्ता दाखवायचो.

चूक त्यांची नव्हती. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, 1956 साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ‘विमा’ या शब्दावर एलआयसीची जी मोहोर उठली ती उठलीच. आमचं घोडं बऱ्याच मागून आलं. आग, चोरी, बोटी, मोटारी यांचा विमा उतरवणाऱ्या 107 कंपन्या एकत्र करून 1 जानेवारी 1973 पासून सरकारने त्यांच्या चार केल्या. मुख्य कचेऱ्या मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासला. त्या चारांतल्या एकीत मी 1979 साली टंकलेखक म्हणून चिकटलो आणि 2017 साली निवृत्त होऊन बाहेर पडलो. कुठल्या, ते सांगून काही फरक पडत नाही.

लग्नाच्या बाजारात मात्र आमचा भाव चांगला होता. ‘बँक, विमा, वीज मंडळ’ अशी ती उतरंड. पगार एक तारखेला, एलटीसी, भविष्य निर्वाह निधी, आणि गणपती-दिवाळीला बिनव्याजी फेस्टिव्हल ॲडव्हान्स. तो दहा हप्त्यांत कापून जायचा, पण हातात पडायचा तेव्हा फुकट मिळाल्यासारखा वाटायचा. या ॲडव्हान्समधूनच आमची दिवाळी अंकांची वर्गणी निघे. वीस-बावीस जणांनी पैसे काढायचे, पंचवीसेक अंक घ्यायचे आणि वहीत नावं घालून ते फिरवायचे. डिस्पॅचचे काका त्याचे ग्रंथपाल. एक अंक चार दिवस. पाचव्या दिवशी काका टेबलाशी येऊन उभे राहत, बोलत काही नसत. अंक मार्चपर्यंत फिरत आणि मार्च संपल्यावर त्यांचा लिलाव होई. माझ्या कपाटात अजून दोन-तीन अंक आहेत, मुखपृष्ठावर चहाच्या कपाचं वर्तुळ आणि आत कुणीतरी शब्दकोडं अर्धवट सोडवलेलं.

लिलाव मार्चनंतर, कारण मार्चमध्ये वाचायला सवडच नसे. आम्हाला नावडणाऱ्या गोष्टींत मार्च एंडिंग पहिल्या क्रमांकावर. फेब्रुवारीपर्यंत ज्यांचं तोंड दिसत नसे ते डीओ, म्हणजे विकास अधिकारी, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री आठ वाजता प्रपोजल फॉर्मांचे गठ्ठे घेऊन अवतरत. टार्गेट पुरं करायला त्यांना कुणीच वर्ज्य नसे. वाणी, शिंपी, देवस्थानाची दानपेटी, आणि कुणीच उरलं नाही की आम्ही. एका मार्चमध्ये आमच्या एका डीओने ऑफिसातल्या प्रत्येकाला त्याच्या घरातल्या सामानाचा विमा घ्यायला लावला. “शेदीडशेचा प्रश्न आहे, नाही म्हणू नका,” म्हणत त्याने फॉर्मही स्वतःच भरला. तेव्हापासून दरवर्षी, त्याचं तोंड बंद ठेवायला, मी त्या पॉलिसीचं नूतनीकरण करत राहिलो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

नावडती दुसरी गोष्ट म्हणजे प्रमोशन. ऐकायला विचित्र वाटेल, पण प्रमोशन म्हणजे बदली आणि बदली म्हणजे भाड्याची खोली, खानावळ आणि शनिवार रात्रीची एसटी. मी दोनदा नाकारलं. घरी आई अंथरुणाला खिळलेली होती हे खरं कारण. अर्जात ‘घरगुती अडचणीमुळे’ असं लिहिलं. बरोबरीचे साहेब झाले, कुणी नागपूरला गेला, कुणी गुवाहाटीला. मी त्याच खिडकीजवळ राहिलो. वाईट वाटायचं ते फक्त पगाराच्या दिवशी.

इन्क्रिमेंटची कसर मी परीक्षांतून भरून काढायला गेलो. मुंबईच्या विमा संस्थेच्या लायसन्शिएट, असोसिएट, फेलो अशा चढत्या परीक्षा असत आणि पास झालं की पगारात वाढ मिळे. त्यापायी समुद्र जेमतेम दोनदा, तोही रत्नागिरीला पाहिलेल्या माझ्यासारख्याने बोटींचा विमा पाठ केला. वादळात जहाज वाचवण्यासाठी कुणा एकाचा माल समुद्रात फेकून दिला, तर ते नुकसान जहाजावरच्या सगळ्यांनी वाटून घ्यायचं, हा त्या पुस्तकातला नियम. रात्री अकरा वाजता, आई खोकत असताना, मी तो वाचला आणि हे कुणा वकिलाला नव्हे, एखाद्या आजीला सुचलं असणार असं मला वाटून गेलं. आपण करतो ते काम नुसतं टायपिंग नाही, अशी शंका मला आली ती त्या रात्री.

एरवी काम म्हणजे शंका घेणं. विमा कायद्याचं 64 व्हीबी हे कलम आमच्याकडे शिपायालाही तोंडपाठ होतं: आधी पैसे, मग जोखीम. चेक वटला नाही की संरक्षण गेलं. कव्हर नोटवर तारीख तर लिहायचीच, वेळही लिहायची. यामागेही इतिहास होता. मी लागलो त्याच वर्षी एक गृहस्थ सकाळी अकराला घाईघाईने ट्रकचा विमा काढायला आले. पैसे रोख, कागद चोख. आमच्या हेडक्लार्कनी चष्म्यावरून बघत विचारलं, “गाडी कुठाय?” गृहस्थ म्हणाले, “घाटात.” “घाटात काय करतेय?” गृहस्थ गप्प. ट्रक सकाळी सातलाच उलटला होता. तेव्हापासून जुनी पॉलिसी संपलेली गाडी असली की आमच्यातलं कुणीतरी खाली रस्त्यावर जाऊन तिला हात लावून येई. उन्हाळ्यात तो हात भाजे.

सांगलीत बसून विमा करायचा म्हणजे हळद आलीच. सांगलीलगतच्या हरिपूरला हळद साठवायची ती जमिनीखाली, पेवात. मातीत खोल खड्डा, निमुळतं तोंड, वरून लिंपून टाकलेलं. वर्षानुवर्षं हळद आत सुखरूप. पेव उघडलं तरी काही तास हवा खेळल्याशिवाय आत कुणी उतरत नसे. कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरायचा. अशाच एका साठ्याच्या प्रस्तावावर वरच्या ऑफिसाने शंका काढली. आगीच्या विम्याचे दर तेव्हा सगळ्या देशाला एकाच पुस्तकातून मिळत, आणि त्या पुस्तकात बांधकाम पक्कं की कच्चं हा रकाना असे. पत्र आलं: गोदामाच्या भिंती कशाच्या आहेत? छत कशाचं आहे? जमिनीपासूनची उंची किती? हेडक्लार्कनी मला उत्तर सांगितलं, मी टाइप केलं: ‘भिंती: पृथ्वी. छत: पृथ्वी. उंची: उणे.’ साहेबांनी सही करायच्या आधी ते बदललं, पण त्याची कार्बन प्रत आम्ही कितीतरी वर्षं जपून ठेवली होती.

पण आमच्या ऑफिसचं खरं शिक्षण झालं ते म्हशींकडून. 1980 पासून आयआरडीपी ही योजना सगळ्या तालुक्यांत लागू झाली. गरीब कुटुंबाला बँकेचं कर्ज, त्यावर सरकारी अनुदान, त्यातून म्हैस किंवा गाय, आणि त्या जनावराचा विमा. बघता बघता मोटारी, गोदामं मागे पडली आणि टेबलावर म्हशींच्या फायली चढल्या. जनावराच्या कानात नंबर कोरलेला धातूचा बिल्ला मारायचा. जनावर मेलं तर डॉक्टरांचा दाखला आणि तो बिल्ला हजर करायचा. बिल्ला नाही तर पैसे नाहीत. हजर करायचा म्हणजे कानातून काढलेला बिल्ला पुरत नसे, कान आमच्याकडे येई. कधी टपालाने. पाकीट फोडायचं काम डिस्पॅचच्या काकांकडे. त्या दिवशी ते डबा खात नसत.

प्रपोजल फॉर्मवर जनावराचं वर्णन लिहायचा एक रकाना होता. आमच्या सगळ्या रूक्ष कागदांत तेवढा एकच जिवंत. ‘रंग काळा. शिंगं मागे वळलेली, डावं टोकाला तुटकं. कपाळावर चांद. शेपटीचा गोंडा पांढरा.’ अशी हजारो वर्णनं मी टाइप केली. माणसांच्या कागदांवर नुसतं नाव आणि पत्ता. म्हशींना चेहरा होता.

बहुधा 1982-83 ची गोष्ट. तासगाव भागातल्या एका शेतकऱ्याची म्हैस मेली. कर्ज बँकेचं, म्हैस तीन हजारांची. दाखला आला, बिल्ल्यासकट कान आला, नंबर जुळला. पण मरणोत्तर दाखल्यात डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘शेपटीचा गोंडा काळा.’ आमच्या फॉर्मवर पांढरा. बिल्ला एका जनावराचा आणि मेलेलं दुसरंच, असे प्रकार तेव्हा सर्रास व्हायचे. साहेबांनी शेरा मारला आणि मी पत्र टाइप केलं: ‘वर्णनात तफावत आढळल्याने सदर दावा नामंजूर करण्यात येत आहे.’ हे वाक्य मला इतकं पाठ होतं की बोटं आपोआप चालायची.

आठवड्याने तो माणूस ऑफिसात आला. ओरडला नाही. पत्र घडी मोडून टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाला, “सायेब, हे तुम्हीच लिवलंय?”

मी म्हणालो, “टाइप मी केलंय.”

“म्हस ओढ्याच्या चिखलात मेली. गोंडा धुऊन बघितला का कुणी?”

मी साहेबांच्या केबिनकडे बोट दाखवलं. आत काय बोलणं झालं कळलं नाही. नियम सांगितला गेला असणार, कारण तो बाहेर आला तो मान हलवतच. पण पुढच्या शनिवारी, बाजाराच्या दिवशी, तो पुन्हा आला. हातात खताच्या पोत्याचा तुकडा, त्यात गुंडाळलेला शेपटीचा गोंडा. म्हशीचं कातडं नेणाऱ्याकडून तो शोधून आणला होता. वाळलेल्या चिखलाने त्याचा काळा दगड झालेला.

ऑफिसच्या मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी एक नळ होता. तिथे तो उकिडवा बसला. शिपायाने नळ सोडला. सगळी माणसं खुर्च्या सोडून दारात जमा झाली. कॅशियरबाई कॅशला कुलूप लावून आल्या. आधी काळं पाणी आलं, मग तांबडं, मग गढूळ. तो एकेक केस मोकळा करत होता, लहान मुलीचं डोकं धुवावं तसा. दहाएक मिनिटांनी त्याने हात वर केला. गोंडा पांढराशुभ्र होता.

साहेब मागे उभे होते हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि मला बोलावून नवीन नोट सांगितली. डॉक्टरांकडून दुरुस्तीचा दाखला आणायला माणूस गेला, दावा मंजूर झाला. चेक नियमाप्रमाणे बँकेच्या नावे निघाला आणि कर्जात वळता झाला. त्या माणसाच्या हातात मोजकेच पैसे पडले असतील. तरी जाताना त्याने प्रत्येकाला हात जोडले. मला ते हात जोडणं नको वाटलं. नामंजुरीचं पत्र टाइप करणारी बोटं माझीच होती.

त्यानंतर ‘गोंडा धुतला का?’ हा आमच्या ऑफिसचा वाक्प्रचार झाला. कुणी घाईने फाईल नाकारायला निघालं की शेजारच्या टेबलावरून आवाज यायचा, “गोंडा धुतला का?” मी तो घरीही नेला. मुलाने मार्क कमी का पडले याची कारणं सांगायला सुरुवात केली आणि मी चिडलो, की बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, “आधी गोंडा धुऊन बघा.”

आमच्या नोकरीत आवडायचं ते हे, आणि नावडायचं तेही हेच. आमच्याकडे सुखात कुणी येत नसे. दुकान जळलं, ट्रक उलटला, म्हैस मेली की माणूस आमच्या पायऱ्या चढायचा, आणि आम्ही त्याला पहिला प्रश्न विचारायचो तो ‘बिल आहे का?’ हप्ता भरणारे शंभर असतात म्हणून एकाला देता येतं, आणि त्या एकाला देताना शंभरांच्या वतीने शंका घ्यावी लागते, हे पुस्तकात मान्य होतं. पुस्तक समोर बसून रडत नाही, एवढाच फरक. मोटार अपघाताच्या दाव्यांत तर न्यायाधिकरणापुढे विधवांच्या विरुद्ध बाजूला बसायचं आणि नवऱ्याची कमाई कशी कमी होती हे मांडायचं. मी ते काम सहा महिने केलं आणि हात जोडून परत खिडकीजवळ आलो.

1986 मध्ये मेडिक्लेम आलं आणि माणूसही आमच्या यादीत आला, पण तुकड्यातुकड्यांनी: मोतीबिंदू, अपेंडिक्स, खुबा. नव्वदीत कॉम्प्युटर आले; त्यांच्याविरुद्ध आम्ही जेवणाच्या सुटीत गेटवर घोषणा दिल्या आणि सुटी संपल्यावर आत जाऊन तेच शिकलो. 1999 च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडलं. 2004 मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि आमच्यातले बरेच जण एका फटक्यात गेले. दिवाळी अंकांच्या वहीत त्या वर्षी नऊच नावं राहिली. काकाही तोवर निवृत्त झाले होते. पाचव्या दिवशी टेबलाशी येऊन उभं राहणारं कुणी नव्हतं, म्हणून अंक फिरेनासे झाले.

मग 2005. 26 जुलैला मुंबई बुडाली हे सगळ्यांना आठवतं. त्यामागोमाग कृष्णा सांगलीत शिरली, ते आम्हाला आठवतं. हरिपूरच्या पेवांत पाणी गेलं. जी माती पिढ्यानपिढ्या हळद राखत होती तीच चिखल झाली. आमच्या घरात पाणी छातीपर्यंत. ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा गादी, धान्य, मुलाची पुस्तकं असं सगळं एका रंगाचं झालं होतं. कोपऱ्यात बायकोचं शिलाई मशीन, चाकापर्यंत गाळात रुतलेलं. लग्नात आलेलं.

आणि मला त्या मार्चवाल्या डीओची आठवण झाली. त्याला मनोमन नमस्कार करून, सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, मी काउंटरच्या पलीकडे उभा राहिलो. क्लेम फॉर्म मागितला. देणारा मुलगा माझ्याच हाताखाली शिकलेला, त्याने सवयीने विचारलं, “पॉलिसी नंबर?” आणि मग लाजून उभाच राहिला.

सर्व्हेअर तिसऱ्या आठवड्यात आला. त्याच्याकडे शेकडो घरं होती. तरुण, दमलेला, बुटांना गाळ. यादी करत करत तो मशीनपाशी आला.

“साल?”

“त्र्याऐंशी,” मी म्हणालो.

“बिल आहे?”

हा प्रश्न मी आयुष्यात किती वेळा विचारला असेन! त्याचा सूर इतका ओळखीचा होता की क्षणभर मीच बोललो असं वाटलं. मी बायकोकडे बघितलं. ती गाळ काढायचा खराटा हातात घेऊन उभी होती.

“बिल बुडालं,” ती म्हणाली. “पायट्याची उजवी कड घासलेली आहे. चाकाच्या दांड्याला तांबडा दोरा गुंडाळलाय, घसरू नये म्हणून. खणाची मूठ तुटली होती, तिथं बटण लावलंय.”

सर्व्हेअर नम्रपणे थांबला. त्याच्या कागदावर हे लिहायला रकाना नव्हता. “मॅडम, ते बरोबर, पण बिल नसलं तर...”

“तर ह्यांना गोंडा धुऊन बघायला सांगा,” बायको मला म्हणाली.

मी हसायला लागलो. घरात वीतभर गाळ, आणि मी भिंतीला धरून हसत होतो. सर्व्हेअर आमच्या दोघांकडे बघत राहिला. मग मी त्याला गूळ-पाणी दिलं, दुसरं काही घरात नव्हतंच, आणि म्हैस, ओढा, नळ हे सगळं सांगितलं. तो ऐकत ऐकत खाली वाकला, रुमालाने चाकाच्या दांड्यावरचा गाळ पुसला. आत दोरा होता. त्याने ‘पाहिले’ असं लिहिलं आणि पुढच्या घरी गेला.

दावा मंजूर झाला. मशीनच्या ओळीपुढे बावीस वर्षांचा घसारा वजा होऊन इतकी किरकोळ रक्कम उरली होती की बायकोने कागद दोनदा वाचला.

“तुम्ही लोकांना असंच द्यायचात?”

“असंच. हिशेब बरोबर आहे.”

तो होताच बरोबर. घसाऱ्याचा तक्ता मला तोंडपाठ होता. तिने पुढे काही विचारलं नाही. आलेल्या पैशांतून रॉकेल आणि तेल आणलं, मशीन अंगणात घेतलं, एकेक भाग सुटा करून चार दिवस रॉकेलमध्ये ठेवला. पाचव्या दिवशी घरातून खडखड ऐकू आली.

ते मशीन अजून चालतं. तक्त्याप्रमाणे त्याची किंमत शून्य आहे.